पडद्यावरची होडी

आमच्या डोंबिवलीच्या नाट्यमंडळात नाटकं झाली मोजकीच, किस्से मात्र ढीगभर! चौघं जमलो की एकेक निघतो. माझे सगळे किस्से अण्णा पेंटरांच्या एका पडद्यापाशीच येऊन थांबतात.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली होती. पौराणिक नाटकासाठी अण्णांनी यमुनेचा पडदा रंगवून दिला. ठाण्यातल्या पहिल्याच प्रयोगाला तो दिसताच टाळ्यांचा कडकडाट! आमचा नायक रघू विंगेतून धावत आला आणि वाकून नमस्कार करून गेला.

"अरे, तुला नाही, नदीला!" अण्णा ओरडले.

*

त्याच प्रयोगानंतर मिठागरात काम करणारी हौसाबाई थेट स्टेजवर चढली.

"कसली यमुना? ही तर आमची खाडी! पन काठाचा चिखल उघडा, म्हंजे ओहोटी; मग होडी तरंगते कशी?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी रंगात खाडीचा चिखल कालवला आणि होडी कलती, रुतलेली अशी पुन्हा काढली. थर एवढा जाड, की बोटांना लागायचा. पुढच्या प्रयोगाला हौसाबाई बघून म्हणाली, "आता बसली!"

*

मी प्रॉम्प्टर. तोवर चित्र म्हणजे मला फक्त कॅलेंडरवरचं माहीत. एकदा त्या होडीकडे बघता बघता वहीचं पान उलटायलाच विसरलो. रघू मुका उभा!

"वसंता, खाडी कसली वाचतोस? वही वाच!" तो दात आवळून पुटपुटला.

पुढे जन्मभर चित्रं बघत हिंडलो, ते त्या होडीपायी.

*

आणि तीच मी घालवली. सामाजिक नाटकाला दिवाणखाना हवा होता, कापड रेशनवर. मी नवा सेक्रेटरी, मोठ्या ऐटीत म्हणालो, "मारा वरूनच रंग!" दुसऱ्या एका पेंटरने दोन दुपारींत भिंत, सोफा आणि बंद खिडकी उरकली. अण्णांना कुणी विचारलंही नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

*

वर्षभरात अण्णांची नजर गेली. एकदा मुलीचा हात धरून तालमीला आले.

"वसंता, माझी खाडी आहे ना रे?"

समोर दिवाणखाना टांगलेला.

"आहे की, अण्णा!"

"जवळ ने."

नेलं. ते पडद्यावरून हात फिरवत राहिले. नव्या रंगाची चौकट अण्णांनी चारी बाजूंनी चाचपली, मग हात मधोमध, खालच्या जाड थरावर थांबला.

"खिडकी उघडी ठेवायची रे," अण्णा म्हणाले. "होडी तिच्यामागंच आहे."