सुईची परीक्षा

आमच्याकडं मुलगी पाहायला आले की तिला चष्मा लागतो का, असं तोंडानं विचारत नसत. सुई-दोरा पुढं करत. मुलीनं सगळ्यांसमोर सुई ओवून दिली की डोळ्यांचा विषय संपला. ऐंशीच्या दशकात, सौंसरच्या आमच्या घरी माझी ही परीक्षा घ्यायला पांढुर्ण्याहून एक बाई आल्या. सोबत शाळेत मास्तर असलेला त्यांचा मोठा मुलगा, त्याच्यासाठीच पाहणं होतं. पोहे झाले, चहा झाला, आणि बाई सारख्या माझ्या खांद्यावरून मागच्या कॅलेंडरकडं बघत होत्या. मी बी. ए. झालेली, काठाची साडी सांभाळत अवघडून बसलेली, आणि यांना रस कॅलेंडरात! माझा पारा चढायला वेळ लागत नाही. तेव्हाही लागत नसे.

सुई मी एका दमात ओवली आणि त्यांच्यापुढं धरली. त्यांचा हात सुईच्या बाजूनं नुसताच पुढं गेला. परत आला, परत चुकला. मग त्यांनी मान वळवून कॅलेंडरकडं पाहिलं आणि सुई बरोबर चिमटीत धरली. माझा राग तिथल्या तिथे उतरला. पण जीभ कुठली ऐकते?

"मावशी, तुमाले माझं तोंड दिसून नाही राहिलं का?"

बाबांनी घाईनं बशी खाली ठेवली. आईनं दाराआडून डोळे वटारले.

"मोतीबिंदू पिकून राहिला माह्या," बाई फणकाऱ्यानं म्हणाल्या. "थंडीत शिबिर लागलं का काढून घेतो. पोरीनं एवढं बोलू नये."

सगळी मंडळी उठली. माझ्या आईनं त्या दिवशी हे मोडलेलं स्थळ माझ्या जिभेच्या खात्यावर टाकलं आणि माझ्याशी अबोला धरला.

पुढचं मला नंतर कळलं. परतताना ती दोघं जामसावळीला उतरली. बाई देवापुढं उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरळ पाहिलं. निजलेल्या हनुमानाच्या तोंडाच्या जागी त्यांना धुरकट डाग दिसला. मान वळवली तर तोंड दिसलं, पण कडेनं आणि वाकडं. उजव्या डोळ्यानं तर मधलं मुळीच दिसत नव्हतं. हे त्यांना बरेच दिवस ठाऊक होतं, पण मोतीबिंदू पिकेपर्यंत असंच असतं, असं गल्लीतल्या सगळ्या जाणत्या बायका सांगत. त्यामुळं घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. बसमध्ये त्यांनी मुलाला सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तुमच्या कोणाच्या ध्यानात नाही आलं. त्या पोट्टीच्या आलं. तीच आन घरी."

लग्न होताच मी त्यांना आई म्हणू लागले, आणि आधी नागपूरला नेलं. थंडीची वाट बघायला त्या तयार होत्या, मी नव्हते. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, मोतीबिंदू नावालाच आहे. दुखणं आहे ते आतल्या पडद्याच्या मध्यावर, जिथून माणूस अक्षरं वाचतो, चेहरे ओळखतो. उजव्या डोळ्यात तिथं वण धरला होता, त्याला इलाज नव्हता. डाव्यात नवी नाजूक शीर फुटून पाणी झिरपत होतं. आणखी थांबला असतात तर हाही डोळा मधून गेला असता, असं ते सरळ बोलले. लेझरसाठी त्यांनी मुंबईची चिठ्ठी दिली.

मुंबईला आधी दंडात पिवळं औषध टोचून पडद्याचे फोटो काढले. त्या औषधानं आई दिवसभर पिवळ्याजर्द दिसत होत्या. आरशाजवळ तिरक्या उभ्या राहून म्हणाल्या, "घ्या! सुनेच्या मांगं मलेही हळद लागली." मी हसले. फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, गळती अगदी मध्यावर नाही, जरा बाजूला आहे, म्हणून जाळता येईल. जाळलेल्या जागी काळा ठिपका कायम राहील, पण पाणी थांबेल. गळती परतही येऊ शकते. हे सगळं ऐकून आईंनी एवढंच विचारलं, "हालायचं नाही न? मंग कायची भीती?" त्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसल्या आणि तसूभर हलल्या नाहीत. मी बाहेर हात जोडून बसले होते.

हळूहळू पाणी सुकलं. घरी तपासायला चौकटींचा कागद दिला होता. रोज एक डोळा झाकून तो बघायचा, रेघ वाकडी दिसली की दवाखाना गाठायचा. कागद फाटल्यावर आईंनी चौकटीचा टॉवेल दोरीवर ताणून तेच काम चालवलं. एका सकाळी टॉवेल सोडून त्यांनी माझ्याकडं मान तिरकी केली.

"तुह्या नाकावर तीळ आहे! हे कोणी सांगतलंच नाही मले."

"तेव्हा दिसला असता तर नापास केलं असतं?"

"इचार तर केला असता," त्या म्हणाल्या. मला रडूच आलं. चुलीचा धूर लागला म्हणून सांगितलं, आणि घरात तर गॅस होता.

पुढं धाकट्या दिरासाठी मुलगी पाहायला आम्ही लोधीखेड्याला गेलो. डावा डोळा टिकला होता, पण पाहणं तिरकंच राहिलं होतं. रिवाजाप्रमाणं मुलीच्या आईनं सुई-दोऱ्याची ताटली आणली. आईंनी ती हातानं बाजूला सारली.

"राहू द्या. डोळे माह्ये तपासून झाले, पोरीचे नको."

मग मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड केलं आणि बराच वेळ तशाच बसल्या. मुलीचा चेहरा पडला. तिनंही वळून घड्याळ पाहिलं आणि मान खाली घातली. मी तिच्याजवळ सरकले आणि हळूच सांगितलं, "वर पाह्य, बाई. तुलेच पाहून राहिल्या त्या."