नानांच्या कॉम्प्युटरमध्ये नसलेलं कार्ड

मी नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. भुताखेतांच्या पुस्तकांना आमच्याकडे चांगली मागणी असते, आणि ती सगळी मी कथांच्या कपाटात लावतो. त्यांची जागा तीच, असं मला कायम वाटत आलं. इथे या ग्रुपवर तुम्ही लिहिलेले अनुभव मी अनेक वर्षं वाचतो आहे, पण वाचून झालं की त्यात कुठे काय निसटलं असेल हे मनात शोधायचो. आता माझाच अनुभव लिहायला बसलोय आणि निसटलेलं काही सापडत नाही... चार ओळी लिहितो, पुसतो. तरी लिहून टाकतो.

आमचं घर शहाद्यात, पुरुषोत्तमनगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या चिमणीची काळी राख वाऱ्याबरोबर येते आणि खिडक्या कितीही लावा, घरात शिरते. माझे वडील — नाना — निवृत्तीनंतर या राखेशी भांडत असायचे. कॉम्प्युटरवर आईच्या जुन्या लुगड्याची खोळ, त्याच्या पुढच्या खाचांवर चिकटपट्टी.

तो कॉम्प्युटर आमच्या घरात चैनीचा नव्हता. आईला अजिबात ऐकू येत नाही. ती ओठांवरून बोलणं ओळखते, आणि नजर कमी झाल्यापासून मोबाइलच्या पडद्यावरचे ओठ तिला दिसत नाहीत. म्हणून नानांनी मोठा मॉनिटर घेतला. रोज दिवेलागणीला ते मला व्हिडिओ कॉल लावायचे, आई पुढे बसायची. मी सावकाश, तोंड नीट उघडून बोलायचो. तिला विषय नको असला की ती तोंड फिरवायची. तिच्यापुरतं जगातलं बोलणं तिथे संपायचं. नाना हसायचे, म्हणायचे, “व्हयना फोन बंद.”

यंदाच्या हंगामात नाना गेले. झोपेतच.

दारावर बसायला येणारी माणसं, गंधमुक्ती, सगळं रीतीने झालं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू भाच्याला देतात. ब्राह्मणपुरीचा सुभाषदादा, माझा आतेभाऊ, नानांचा एकुलता भाचा. त्याला नानांची छत्री, चपला, अंथरूण आणि पांढरी टोपी दिली. तो रडत रडत घेऊन गेला.

मग माझी रजा संपत आली. आईला बरोबर नेता येत नव्हतं. सव्वा महिना ती उंबरा ओलांडणार नव्हती, आणि त्यानंतरही ते घर सोडेल असं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. शेजारच्या वहिनी जेवणाखाण्याचं बघणार होत्या. माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती — रोज संध्याकाळी तिला माझा चेहरा दिसायला हवा. मी कॉम्प्युटर लावून वहिनींना कॉल घ्यायला शिकवायला बसलो आणि पाहतो तर पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायची खूणच नाही.

नेट बंद म्हणावं तर माझ्या मोबाइलवर घरचं वाय-फाय व्यवस्थित चालू. नानांनी त्याला ‘नानाघर’ असं नाव दिलं होतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, राउटर काढून लावला, सेटिंगमध्ये शोधलं. ‘बंद आहे’ असंही कुठे लिहून येईना... वायरलेस नावाची वस्तूच त्या यंत्राला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्रमभाईंना बोलावलं. बसस्टँडजवळ त्यांचं दुकान आहे, हा कॉम्प्युटर त्यांनीच जोडून दिला होता. त्यांनी आईला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, खोळ काढली, बाजूचा पत्रा उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिले.

“सर, इसमें वाय-फाय का कार्डच नही है.”

“कोणी काढलं असेल?”

“निकाला नही. मैंने डालाच नही था.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. सुरुवातीला नेट वायरीने चालायचं. एका पावसाळ्यात जवळच वीज पडली आणि वायर लावायची जागा जळाली. नानांना त्यांनी सांगितलं, वाय-फायचं छोटं डोंगल घ्या, मागे खोचलं की झालं. काही दिवसांनी नाना दुकानात येऊन सांगून गेले, चालू झालं. अक्रमभाईंना वाटलं, नंदुरबारहून आणलं असेल. पण मागच्या खाचांमध्ये कीबोर्ड, माउस आणि कॅमेरा सोडून उरलेल्या ठिकाणी राख घट्ट बसली होती. तिथे कधी काही खोचलं असेल असं वाटत नव्हतं. पुढच्या चिकटपट्ट्या पिवळ्या पडून जागच्या जागी होत्या.

“नाना बात तो करते थे ना आपसे?” अक्रमभाईंनी विचारलं.

करायचे. आदल्या महिन्यापर्यंत, रोज.

त्यांनी बॅगेतलं नवं डोंगल लावून पाहिलं, मग दुसरं. त्यांच्या लॅपटॉपवर दोन्ही चालली, या यंत्राने एकही ओळखलं नाही. शेवटी ते कॉम्प्युटरचा डबा दुकानात घेऊन गेले. टेबलावर मॉनिटर राहिला, त्याची वायर खाली लोंबत होती.

आई सगळं दारातून पाहत होती. मी तिच्यासमोर जाऊन विचारलं, नाना कॉल लावताना काय करायचे? ती म्हणाली, “काही नही. तो टोपी ठेवे कॉम्प्युटरवर. मंग तू दिखे.”

इतरांना यात काही अर्थ लागला नसता. पण आमच्याकडच्या जुन्या माणसांची टोपी म्हणजे खिसा असतो. नाना तिच्या घडीत एसटीचं तिकीट ठेवायचे, लवंग ठेवायचे. नखाएवढं एखादं डोंगल तिथेच ठेवत असतील आणि आम्ही ते टोपीसकट देऊन टाकलं, असं मला वाटलं. राखेचं आणि खाचांचं काय, हा विचार मी त्या क्षणी बाजूला सारला. मला ते डोंगल हवं होतं.

ब्राह्मणपुरीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. सुभाषदादा ओट्यावर बसला होता, मागे केळीचे घड, पायाला फडकं गुंडाळलेलं. त्याच दुपारी केळीच्या बागेत विळा लागला होता. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी त्यानेच विचारलं, “मामानी टोपी परत लेवाले उना का रे?”

माझा चेहरा उतरला असावा. दान दिलेली वस्तू कोणी मागत नाही. मी म्हटलं, परत नको, फक्त घडीत काही राहिलंय का बघायचं होतं. दादाच्या बायकोने आतून टोपी आणली. दादाने माझ्यासमोर स्टुलावर ठेवली. मी घडी उलगडली. त्यात काहीच नव्हतं, लवंगेचा वास तेवढा होता. मी ती परत स्टुलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसलो. आता नाशिकला जाऊन रोज संध्याकाळी काय करायचं, एवढंच डोक्यात.

दादा म्हणाला, “एक सांगू का? हासू नको. तुमना घरनं नाव मन्हा फोनवर येस. संध्याकायले.”

त्याने फोन दाखवला. वाय-फायच्या यादीत एकच नाव होतं — नानाघर. पूर्ण रेघा. दादाच्या घरी राउटर नाही, आणि आमचं घर तिथून कितीतरी मैल. मी माझा फोन काढला. तो आपोआप जोडला गेला होता, घरात पाऊल टाकल्यावर जोडला जातो तसा. एखादं पान उघडतंय का पाहिलं, उघडलं नाही. नुसतं जोडलेलं.

मग दादाने टोपी उचलून पुढे केली. “ली जाय.”

मी ती परत स्टुलावर ठेवली. “ऱ्हाऊ दे, दादा. तुन्हीच शे ती.”

का नाही घेतली, असं तुम्ही विचाराल. रीत आडवी आली म्हणा, किंवा भीती वाटली म्हणा.

घरी आलो तर आई मॉनिटरसमोर खुर्चीवर बसलेली. वायर तशीच लोंबत होती. डबा अक्रमभाईंच्या दुकानात उघडा पडला होता, हे मी नंतर त्यांच्याकडून खात्री करून घेतलं. मला पाहून तिने सरळ विचारलं, “सुभाषना पायले काय लागनं?”

तिला कोणी फोन करत नाही, करून उपयोगही नाही. शेजारच्या वहिनी दिवसभर आल्या नव्हत्या. मी हळू ओठ हलवून विचारलं, तुला कसं कळलं?

“तू दिखना ना आज. सुभाषना ओटावर. मांगे केयीना घड व्हतात.” मग ती म्हणाली, “‘तुन्हीच शे ती’ म्हनना तू त्याले. काय व्हतं ते? माले दिखनं नही.”

सुभाषदादा दिसला, त्याचा पाय दिसला, केळीचे घड दिसले... फक्त समोरच्या स्टुलावरची टोपी दिसली नाही, जणू तिथूनच कोणी बघत होतं. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि विचारलं, एवढंच दिसलं? अजून कोणी?

आईने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं, त्या काळ्या पडद्याकडे.

अक्रमभाईंनी तो डबा पुसून, बंद करून परत आणून ठेवला आणि चहा न घेता गेले. सुभाषदादा म्हणतो, आता ते नाव येत नाही. माझ्या ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, तुमच्या आईंनी अंदाज बांधला असेल. बांधला असेल. मीही इतकी वर्षं इतरांना हेच म्हणत आलो.

आता नवा कॉम्प्युटर आहे, अक्रमभाईंनीच जोडलेला, जुन्याच्या शेजारी. कॉल छान लागतो. शेजारच्या वहिनी लावून देतात आणि स्वयंपाकाला जातात. आई माझ्याशी बोलते, जेवलास का विचारते. बोलणं संपलं की तोंड फिरवते. जुना मॉनिटर त्याच बाजूला आहे. नाशिकहून मला तिचा अर्धा चेहरा दिसतो. ती कुणाचे तरी ओठ वाचताना बघावं तशी डोळे बारीक करून बघते. मधेच मान हलवते. एखाद्या वेळी हसते.

माझ्या बाजूने काही दिसत नाही. मी हाक मारली तर तिला ऐकू जाणार नाही. ती उठेपर्यंत मी कॉल बंद करत नाही, एवढंच माझ्या हातात आहे.