चारशे जणांचा फिका चहा

आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये अक्का गेली बावीस वर्षं स्वयंपाक करते. तिला अक्का म्हणायचा तो तिचा धाकटा भाऊ. तोही इथलाच, मशीन शॉपमध्ये लेथवर. त्याचं ऐकून सगळा कारखाना तिला अक्का म्हणायला लागला, आणि ती 'आमचा धाकटा' म्हणायची म्हणून तो सगळ्यांचाच धाकटा झाला. सत्तेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, दोन मुलींचा बाप, पण नाव धाकटा. आई लवकर गेली तेव्हा अक्कानेच त्याला वाढवला होता, त्यामुळे तिच्या लेखी तो अजून शाळेतच होता.

मी टाइम ऑफिसातला कारकून. हजेरी, रजा आणि इतरांनी टाळलेली कामं माझ्याकडे. त्या वर्षी सगळ्यांची तपासणी झाली आणि निम्म्या लोकांना साखर नाहीतर रक्तदाब निघाला. मॅनेजरसाहेबांनी सकस आहाराची मोहीम काढली. समिती नेमायच्या दिवशी मी रजेवर होतो, म्हणून समितीचं काम माझ्या गळ्यात पडलं. गैरहजर माणसाला नाही म्हणता येत नाही. मी भिंतींवर तक्ते लावले. कॅन्टीनमध्ये उकडलेल्या भाज्या आल्या. लोकांनी त्या ताटाच्या कडेला सारल्या आणि गेटबाहेरून तळलेले बटाटे आणून माझ्याच तक्त्याखाली बसून खाल्ले. पालथ्या घड्यावर पाणी.

एक दिवस अक्का माझ्या खोलीत आली आणि दार लोटून बसली.

"धाकट्याच्या अंगठ्याला बूट घासून जखम झालीय. दीड महिना झाला, भरत नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावरच थांबेल असंही नाही."

लेथवर आठ तास उभं राहावं लागतं. पुढचं तिने बोलायची गरज नव्हती.

घरी त्याची बायको डोळ्यांत तेल घालून सांभाळत होती. पण कारखान्यात तो चार वेळा गोडमिट्ट चहा प्यायचा. अक्काने त्याच्यासाठी वेगळी किटली करून पाहिली, तर त्याने ती सगळ्यांसमोर बेसिनमध्ये ओतली. "सगळ्यांचा वेगळा आणि माझा वेगळा? मी काय पेशंट आहे का इथला?"

"म्हणून मी सगळ्यांचाच फिका करते," अक्का म्हणाली. "पिंपाला बारा डाव साखर लागते. दर सोमवारी एक डाव कमी करायचा. सांगायचं नाही कुणाला. सांगितलं की लोकांच्या जिभा जाग्या होतात. तुमच्या मोहिमेत बसतंय ना, भाऊसाहेब?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझ्या मनात आलं. पण मोहिमेत दाखवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी हो म्हणालो.

आठ आठवड्यांत बाराचे चार डाव झाले, तरी एकाचीही तक्रार नाही. अक्का रोज सकाळी पिंपातला पहिला घोट स्वतः घ्यायची आणि खूश व्हायची. मी साखरेच्या खपाचा आलेख काढला. रेघ अशी खाली उतरली होती की साहेबांनी ती चौकटीत घालून स्वतःच्या केबिनमध्ये लावली. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

नवव्या आठवड्यात रजेचे अर्ज घेऊन मी मशीन शॉपमध्ये गेलो. चहाची सुट्टी होती. फोरमनने हत्यारांच्या कपाटामागून एक मोठा डबा काढला. आत काठोकाठ साखर.

"चहा हल्ली मिळमिळीत होतो," तो हळूच म्हणाला. "अक्काचं वय झालं, हात चुकतो तिचा. पण तोंडावर कोण सांगणार? वाईट वाटेल बिचारीला. म्हणून आम्हीच पाळीपाळीने साखर आणतो."

डबा हातोहात फिरत होता. सगळे चमचा शिगोशीग भरत होते. स्वतःच्या हाताने घालायची म्हटल्यावर कोण मोजतंय? डबा धाकट्याकडे आला. त्याने तीन चमचे घातले आणि मला डोळा मारला. "अक्काला सांगू नका हं, भाऊसाहेब." कुणी त्याला अडवलं नाही. त्याला साखर आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो हसतखेळत कामावर उभा होता, मग चमच्याभराने काय होतंय?

"तुम्हाला किती?" फोरमनने विचारलं.

"दोन," मी म्हणालो.

खरं सगळं माहीत असलेला त्या शॉपमध्ये मी एकटाच होतो. अक्काला सांगायचं मी त्याच दिवशी ठरवलं. कॅन्टीनपर्यंत गेलोही. ती पिंप घासत गुणगुणत होती. शिवाय तो आलेख साहेबांच्या भिंतीवर होता. पुढच्या आठवड्यात सांगू, म्हटलं. पुढच्या आठवड्यातही तेच म्हटलं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा धाकट्याची साखर आधीपेक्षा वाढलेली निघाली. अंगठा गेला आणि शेजारची दोन बोटंही गेली.

अक्का माझ्याकडे आली ती स्वतःलाच बोल लावत. "त्या चार डावांनीच घात केला. मी भित्री. एकदम बंद करायला हवी होती. माझ्या हाताने मी त्याला..."

मला ते ऐकवेना. मी डब्याचं सगळं सांगितलं, माझ्या दोन चमच्यांसकट.

 "मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाईटच वाटलं असतं ना?" ती म्हणाली. "रडले असते दोन दिवस. बोटं तर राहिली असती त्याची."

 

मशीन शॉपमध्ये ही बातमी कळली तेव्हा कुणी मान वर केली नाही. डबा भंगारात टाकला, असं फोरमनने मला येऊन सांगितलं. जखम भरल्यावर धाकटा कुबडी घेऊन कामावर आला. लेथ सुटली होती. त्याला माझ्या खोलीत बसून करायचं काम दिलं, माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. दहा वाजता चहा आला. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"भाऊसाहेब, एक चमचा आहे का हो कुठे? एकच."

"नाही," मी म्हणालो. "आणि तुला लाज नाही वाटत?"

तो ओशाळं हसला. "वाटते ना," म्हणाला, आणि कपावर बशी झाकली. मग एका हातात कुबडी आणि एका हातात कप घेऊन तो उठला आणि मशीन शॉपच्या दिशेने निघाला. डबा भंगारात गेलाच नव्हता, हे तेव्हा मला कळलं.

मी हाक मारली. त्याने मागे पाहिलं नाही. हात धरून ओढायला तो काही लहान मूल नव्हता. या खेपेला मात्र मी पुढच्या आठवड्याची वाट पाहिली नाही. तसाच कॅन्टीनमध्ये धावलो आणि धापा टाकत म्हणालो, "अक्का, धाकटा शॉपमध्ये चाललाय. साखरेसाठी."

ती खिडकीशीच उभी होती. आवारातून तो जाताना दिसत होता, चहा सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत.

"माहीत आहे मला," अक्का म्हणाली. "सांगून थकले, ऐकत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तेवढंच चालणं होतंय त्याचं."