कधी वापरायचं नाही

उणकलला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी ती घरूनच काम करते. एआय एजंटांना, म्हणजे आपापली कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमना, दिलेलं कुठलं टूल कशासाठी आहे आणि कधी वापरायचं नाही, हे ती लिहिते. मग आडवेतिडवे प्रश्न घालून एजंट कुठं चुकतो ते बघते. "तो चुकला म्हणजे मीच नीट लिहिलं नाही, अक्का," म्हणते आणि पुन्हा लिहायला बसते.

बोलतेही तशीच. मला पाण्याच्या मोटारीचं बटन दाखवलं, तर ते कधी दाबायचं नाही हे आधी सांगितलं.

तिच्या वडिलांना, अप्पांना, हल्ली काही आठवत नाही. परवा दोन दिवसांसाठी गावाला निघताना तिनं अप्पांना माझ्यावर सोपवलं, किल्ली दिली, सगळं समजावलं आणि लगेच परीक्षा घेतली.

"अप्पा म्हणाले, मी जेवलोच नाही, तर?"

"आधी ताट बघीन."

"अळणावरला जुन्या घरी जातो, दार उघड म्हणाले तर?"

"उघडणार नाही."

"रडायला लागले तर?"

मी अप्पांकडे बघितलं.

"म्हणजे मीच नीट सांगितलं नाही," म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू झाली.

समोर खुर्चीत बसलेल्या अप्पांनी निघायला म्हणून पायांत घातलेल्या चपला काढल्या आणि हळूच खुर्चीखाली सारल्या.