चेअरमनची गाठ आणि फ्रिजवरची गोल्टी

माझ्या व्याह्यांनी ज्या वस्तूला हात लावून पाहिलेला नाही, ती वस्तू त्यांच्या दृष्टीनं जगात नाहीच. टरबूज लोक वाजवून घेतात. हे वाजवतात, दाबतात, पोटाशी धरतात आणि मग विकणाऱ्याला परत करतात. मुलासाठी आमच्या मनीषाला बघायला शिरूरला आले, तेव्हा बाकीचे पाहुणे पोह्यांवरचं खोबरं चघळत मुलीकडे बघत होते आणि हे उठून आमच्या हॉलच्या भिंतीवरून तळहात फिरवत पार पडद्यामागपर्यंत गेले. आम्हाला वाटलं, बाथरूम शोधतायत. परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, पुट्टीचा एक हात कमी मारलाय तुमच्या पेंटरनं. बाकी सोयरीक पसंत हाय." मुलीला त्यांनी तोवर नीट पाहिलंही नव्हतं. पण ज्या घराची भिंत एवढीच खोटी, त्या घरची मुलगी खरी असणार, असं काहीतरी त्यांच्या हाताला लागलं असावं.

तेव्हापासून मी मुलीचा बाप. रांजणगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. भल्याभल्यांचा माल रिजेक्ट केलेला माणूस. पण न्हावरा मागं टाकून पारगावचा पूल ओलांडला आणि खुटबावला व्याह्यांच्या अंगणात पाय ठेवला, की माझी मान आपोआप होकारार्थी हलायला लागते. व्याही म्हणाले, ऊस यंदा जोरात आहे, की मी म्हणतो, फारच जोरात. घटकाभरानं म्हणाले, कुठला जोर, सगळा पाचट, की मी म्हणतो, मलाही मघापासून तेच वाटत होतं. ही मान आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या घोटाळ्यात तिचा मोठा वाटा आहे.

घोटाळ्याचं मूळ म्हणजे चेअरमन. चेअरमन हा व्याह्यांचा कुत्रा. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत व्याही पडले, त्याच आठवड्यात उसाच्या फडात एक तांबूस पिल्लू सापडलं. "मला न्हाई तर न्हाई, घरात कुणाला तरी पद पायजे," म्हणून त्याचं नाव चेअरमन ठेवलं आणि अंगणातली हातांची प्लास्टिकची खुर्ची त्याला देऊन टाकली. त्या खुर्चीवर पाहुणा बसला तर चेअरमन भुंकत नसे. नुसता समोर येऊन उभा राही आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघे. चहा निम्मा व्हायच्या आत माणूस आपण होऊन उठे. मी पहिल्यांदा बसलो होतो, तो उठून थेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या दांडीवर जाऊन बसलो आणि म्हणालो, "इथं हवा छान येते."

यथावकाश चेअरमन म्हातारा झाला. तोंड पांढरं पडलं, मागचे पाय बसताना विचार करायला लागले. भाकरी मोडल्याचा आवाज सोडला तर बाकी काही त्याला ऐकू येईना. आणि अंगावर गाठी आल्या. कातडीखाली, बोटांतून निसटणाऱ्या. म्हाताऱ्या कुत्र्यांना येतातच, असं गावातलं कुणीही सांगत होतं. पण त्या व्याह्यांच्या हाताला लागल्या होत्या.

मग दर रविवारी उन्हं ओट्यावर आली की तपासणी. मी तिथं असलो की मलाही सुटका नाही. "डोळं मिटा, पाव्हणं. गाठ डोळ्यानं कळत न्हाई, डोळा लबाड आसतो." मी डोळे मिटायचो. माझं मनगट धरून ते चेअरमनच्या मानेपासून सुरुवात करायचे. "हा हरभरा. लागला? हां. ही भुईमुगाची शेंग. आता काखंत चला. हे बोर." एकदा बोर म्हणून मी जे बराच वेळ मन लावून दाबत बसलो, ते चेअरमनचं कोपर निघालं. चेअरमननं उसासा टाकला. व्याही म्हणाले, "रिटायर झाल्याव हात बी रिटायर हुतो माणसाचा."

ही तपासणी घरापुरती नव्हती. विजेचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, खताचा एजंट, मत मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना चहाच्या आधी गाठ. "आधी हात लावा, मग मताचं बोलू." त्या उमेदवारानं इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी मातीत मांडी घातली, डोळे मिटून सगळ्या गाठी तपासल्या आणि निवडून आल्यावर जनावरांचा मोठा दवाखाना आणायचं आश्वासन चेअरमनच्या कानात दिलं. पुढं सोसायटीचे खरे चेअरमन तक्रार घेऊन आले, की माझी तब्येत ठणठणीत असताना लोक घरी शहाळी आणून देतायत. व्याह्यांनी त्यांचाही हात धरून बरगडीवर ठेवला. "आता आलाच हायसा तर सांगा, कडक लागती का मऊ?"

ही बरगडीवरची गाठ म्हणजे मुख्य गाठ. ती उन्हाळ्यात, ऐन कांद्याच्या काढणीत सापडली. कांदा निवडायचं काम व्याह्यांकडे हातानंच चालतं: एक नंबर वेगळा, मध्यम वेगळा, आणि सगळ्यांत लहान ती गोल्टी. व्याही माझ्याशी राजकारण बोलत बोलत, न बघता, तिन्ही ढीग वेगळे पाडतात. त्या दिवशी ते चेअरमनच्या बरगडीवरचा हात तसाच वाकडा धरून ढिगापाशी गेले, चाचपत चाचपत बरोब्बर तेवढी एक गोल्टी उचलली आणि घरात जाऊन फ्रिजवर ठेवली. "हे माप. ह्येच्या म्होरं गाठ गेली, की समजायचं." काय समजायचं, ते बोलले नाहीत. बाकीचा कांदा भाव वाढायची वाट बघत कांदाचाळीत जाऊन पडला.

पावसाळाभर एक हात बरगडीवर, एका हातात गोल्टी, असा कार्यक्रम चालला. गणपती उठले आणि रविवारी सकाळी मला फोन आला. आवाज खोल गेलेला. "पाव्हणं, म्होरं गेली."

इथं मी शहाणपणा केला. कपाटातला जुना व्हर्नियर कॅलिपर पुसून घेतला आणि खुटबाव गाठलं. म्हटलं, कांद्याबिंद्याचं सोडा, आता काम शास्त्रशुद्ध होईल. पण कारखान्यातल्या बेअरिंगला केस नसतात आणि मोजताना ते शेपूट हलवत नाही, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. व्हर्नियरचे जबडे आवळले की गाठ निसटायची, आणि चेअरमन माझ्याकडे असा बघायचा की मला कारखान्यातला माझा साहेब आठवायचा. सैल सोडले की निम्मी कातडी आत यायची. त्यातून व्याही शेजारी वाकून पडलेल्या आवाजात विचारणार, "वाढलीच आसंल, न्हाई का?" की झालं, मुलीच्या बापाची मान हलली. मान हलली की बोटं सैल आणि बोटं सैल की आकडा पुढं. "वाढलीय," मी म्हणायचो. रविवारमागून रविवार गाठ वाढत गेली. कांद्याचं आणि स्टीलचं एकमत झाल्यावर शंका घेणार कोण?

व्याह्यांचं जेवण तुटलं. टरबूज दाबणं बंद झालं. मनीषा रोज म्हणत होती, "मामा, डॉक्टरांना दाखवू या ना." तर म्हणायचे, "सुई लागली की गाठ चवताळती. आपल्या बैलाचं तसंच झालं हुतं."

एका रविवारी मी समोर असतानाच विहीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बैलाला गाठ न्हवती, गळू हुतं. भ्या वाटतंय आसं सरळ म्हणा की."

"मला? कशाचं भ्या?"

"डाक्टर काय सांगंल, त्येचं."

व्याही खुर्चीपाशी खाली बसले आणि चेअरमनच्या कानामागं खाजवत राहिले. चेअरमननं आपलं पांढरं तोंड त्यांच्या मनगटावर टेकवलं. मला ते बघवेना, आणि सोयरीक जुळल्यापासून पहिल्यांदाच माझ्या तोंडून त्यांच्या मनाविरुद्ध वाक्य निघालं. "व्याही, उद्या दौंडला जायचं. दवाखान्यात. मी येतोय बरोबर." म्हणालो आणि मीच दचकलो.

"आगं बया," विहीणबाई म्हणाल्या, "पाव्हण्यांना तोंड बी हाय!"

दुसऱ्या दिवशी चेअरमन त्याच्या खुर्चीसकट पिकअपमध्ये चढला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नारायणगावकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी विचारलं, "काका, गाठ कधीपासून आहे?" व्याह्यांनी खिशातून रुमाल काढला, तो सोडला आणि गोल्टी टेबलावर ठेवली. "उन्हाळ्यात ही बराबर येवढी हुती. आता बघा तुमीच." मी घसा साफ करून पुढं सरकलो. "व्हर्नियरनंही कन्फर्म आहे, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी आधी गाठ पाहिली. मग कांदा उचलून दोन बोटांत दाबला. वरचं साल सुटून टेबलावर पडलं. आतला कांदा पिचपिचीत, शेंड्याला पिवळट कोंब.

"काका, हा काढणीच्या वेळचा?"

"व्हय."

"तेव्हापासून कुठं होता?"

"फ्रिजवर. देवाशेजारी."

"चाळीतल्या कांद्याला तुम्ही घट धरता ना?"

"धरावीच लागती की. कांदा सुकतोय, कमी भरतोय."

"मग ह्याची धरली का?"

ह्या घटीवरून व्याही उभ्या हयातीत किती व्यापाऱ्यांशी भांडलेत, ते मोजणं अवघड आहे. ते कांद्याकडे बघत राहिले. कांदा त्यांच्याकडे बघत राहिला. मग ते सावकाश माझ्याकडे वळले.

"पाव्हणं, माझा कांदा सुकला. तुमचं स्टील का वाढलं?"

मी मान हलवली. दुसरं काही येत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तोंडावर हात धरून हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "वाढली नसली म्हणून ती चांगलीच, असं नाही हं काका. मऊ आहे म्हणूनही नाही. हातानं हे कळतच नाही. सुई घालूनच बघावं लागतं." व्याह्यांनी चेअरमनचं डोकं पोटाशी धरलं आणि स्वतःचे डोळे मिटले. सुई गेली तेव्हा "आई गं" ऐकू आलं, ते व्याह्यांचं. चेअरमन जांभई देत होता. काचेवर तेलकट थेंब उतरला. "चरबी वाटतेय," बाई म्हणाल्या, "पण काच पुण्याला तपासायला पाठवते. तोवर धीर धरा."

तो धीर धरणं चाललं असताना व्याह्यांच्या घरात कांदा चिरला गेला नाही. चाळ भरलेली, आणि घरात बिनकांद्याची आमटी. शेवटी मनीषाचा फोन आला, "पप्पा, चरबीच आहे. काही नाही त्यात." मागून व्याह्यांचा आवाज शिवारभर गेला असणार. "पाव्हण्यांना सांग, व्हर्नियर भंगारात घाला!" त्या संध्याकाळी त्यांच्याकडे कांदाभजी झाली. कुत्र्याला कांदा वाईट, असं बाईंनी बजावल्यामुळे चेअरमनला मात्र भाकरीच.

नव्या गाठीवर आणि बदलणाऱ्या गाठीवर लक्ष ठेवा, असंही बाईंनी सांगितलं होतं. म्हणजे रविवार चालू राहिला. फक्त माप म्हणून आता काचेची गोटी आली. "काचंला घट न्हाई," व्याही मला बजावून सांगायचे, जणू कांदा मी ठेवला होता.

गेल्या थंडीत चेअरमन गेला. गाठींनी नाही, वयानं. सकाळच्या उन्हात, खुर्चीवर. विहीणबाईंनी नेहमीसारखी भाकरी मोडली आणि तो उठून आला नाही, तेव्हाच त्यांना कळलं.

मी भेटायला गेलो. व्याही ओट्यावर चहा पीत होते. आम्ही उसावर बोललो, साखर कारखान्याच्या तोडीवर बोललो, मी सगळ्याला मान हलवली. बोलताना त्यांचा डावा हात बाजूला खाली लोंबत होता आणि बोटं हवेतच काहीतरी चाचपत होती. निघताना ते उठले आणि एकदम गळ्यात पडले. लग्नातली व्याहीभेट सोडली तर आम्ही कधी गळाभेट घेतलेली नाही. तेवढ्यात त्यांचा हात माझ्या मानेवर आला. मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून खाली. पाठीच्या फऱ्याखाली येऊन थांबला.

"पाव्हणं, ही कवाची?"

"जुनी आहे. असू द्या."

"हलू नगा. बोर हाय. न्हाई, बोरापेक्षा थोडी म्होरं." खिशातून गोटी निघाली आणि थंडगार माझ्या शर्टावर टेकली.

"व्याही, रस्त्यानं लोक बघतायत."

"बघू द्या. डाक्टरला दावली?"

"नाही."

"का?"

मी शर्टाची कॉलर सारखी केली.

"भ्या वाटतंय?"

माझी मान हलली. होकारार्थीच, पण ह्या खेपेला ती मुलीच्या बापाची नव्हती.

"उद्या शिरूरला येतो सकाळी. तयार ऱ्हावा," ते म्हणाले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "आगं, आणखी येक चहा टाक!" आणि अंगणातली ती प्लास्टिकची खुर्ची ओढून, तिच्यावरचे तांबूस केस उपरण्यानं झटकून, त्यांनी माझ्यापुढं सरकवली. "बसा."

मी बसलो. चहा आला. निम्मा झाला, मग पुरता संपला, तरी समोर येऊन कुणी उभं राहिलं नाही.