हॉल्टवरची मोजणी

सांगलीहून सकाळच्या पॅसेंजरला बसलो तेव्हा पिशवीत भडंगाचा पुडा होता आणि मनात जत्रेला निघाल्यासारखा उत्साह. सातारा जिल्ह्यातला एक हॉल्ट बंद व्हायचा होता. त्याआधी रेल्वेचा माणूस प्रवासी मोजायला येणार आणि त्या दिवशी सगळं गावच गाडीत चढणार, असं कानावर आलं होतं. असली गंमत चुकवणारा मी नव्हे.

कऱ्हाड मागे पडलं, ऊस विरळ झाला, माळ लागला. हॉल्टवर उतरणारा मी एकटाच. मुरमाचा फलाट, पत्र्याची शेड, एक बाभळ. तिकीटखिडकी बंद, आणि शेजारी नोटीस चिकटवलेली: तिकिटं खपत नाहीत म्हणून हॉल्ट बंद करण्याचा विचार आहे, हरकती ऐकल्या आहेत, आजची तिकीटविक्री आणि चढउतार पाहून निर्णय होईल.

मोजणीचे साहेब बाकावर बसले होते.

"गाव कुठाय?" मी विचारलं.

"मीही वाटच बघतोय," ते म्हणाले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला पदर आवळून एक बाई बसली होती. शालनताई. तिनं सांगितलं, "गाव न्हाई येत, दादा. पहाटं गावातलं म्हातारं आबा गेलं. लेक पुन्यास्नं यायचीय. मयत उचलंस्तवर कुनी गावाची शीव वलांडत न्हाई. तिकीट इकनारा बी तितंच बसलाय."

"मग तुम्ही?"

"मिरजेला जायाचं हाय. डायलिसिस. आठवड्यातनं दोनदा. गावानंच सांगितलं, तू जा, तुला दोष न्हाई."

जीप आहे, पण उपचारानंतर तिच्यात हिसके बसले की शालनताईला भोवळ येते. एकदा तर रस्त्यातच उतरवावं लागलं होतं. हॉल्ट बंद झाला तर मिरज तिला लांबच होणार होती.

परतीच्या गाडीला अवकाश होता. मी तरातरा गावात गेलो. एकाही घरातून धूर नव्हता. आबांच्या दारात माणसं बसलेली. सरपंचांना बाजूला घेऊन म्हणालो, "दहा-वीस माणसं तरी पाठवा. नाहीतर हॉल्ट गेला म्हणून समजा."

"आवं, कळतंय की आमाला," ते म्हणाले. "हरकतीच्या कागदावर पयला अंगठा आबाचाच हाय. पर त्येला दारात टाकून गाडीत जाऊन बसायचं व्हय?"

मला त्यांचा राग आला. तसाच हॉल्टवर परतलो.

मग तो राग साहेबांवर काढला. "उद्या मोजा की! एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"तारीख गावाला आधी कळवलेली आहे. बदलायचा अधिकार मला नाही. कारण लिहितो. वाचणारे वाचतील." बोलताना त्यांची नजर खालीच होती.

गाडी आली. आम्ही दोघंच चढलो. माझं परतीचं तिकीट सांगलीतच काढलेलं, शालनताईला द्यायला खिडकीत कुणी नाही. हॉल्टवरची विक्री शून्य.

गाडीत मी भडंगाचा पुडा पुढे केला. तिनं मान हलवली. "मयत उचलंस्तवर न्हाई." उपाशीपोटीच ती त्या यंत्राला लागणार होती. सांगली येईपर्यंत तो पुडा माझ्याच्यानंही उघडवला नाही.

पुढे थोड्याच दिवसांत हॉल्ट बंद झाल्याचं कळलं. नियमात कुठे खोट नव्हती: नोटीस लागली, हरकती ऐकल्या, मोजणी झाली. सांगली सोडतानाच्या माझ्या त्या उत्साहाची आज मला लाज वाटते. पण आठवतं ते सांगली जवळ आल्यावरचं तिचं बोलणं. मी चिडून म्हणालो होतो, "गावानं तुमचा तरी विचार करायचा होता."

शालनताई खिडकीबाहेर बघत होती.

"गावाला बोल लावू नगा, दादा," ती म्हणाली. "आता माजी बी पाळी लांब न्हाई. तवा गाव माज्यासाटी बी असंच बसंल."