चौथी ताटली

लांबासाच्या विशेष मुलांच्या शाळेत वासेमाथाबाई एकोणीस वर्षं गणित शिकवत होत्या, आणि तेवढीच वर्षं राजधानी सुवाहून तपासणीला येणाऱ्या साहेबांना शहाणं करायला बघत होत्या. मुलं हळूहळू का होईना, शिकत. साहेबांचं काही खरं नव्हतं.

या खेपेला आलेले आपाकुकी साहेब नवेकोरे होते, सोबत सात पानी फॉर्म. त्यांना लोसालिनीची परीक्षा घ्यायची होती. पोर तेरा वर्षांची, चाकाच्या खुर्चीतली. वाचा नाही, बोटं मिटत नाहीत. हव्या त्या वस्तूकडे टक लावून बघायची आणि भुवया उडवून हो म्हणायची. उत्तर चुकलं तर गणित बंद आणि रवानगी चटया विणायच्या वर्गात. जिची बोटं मिटत नाहीत तिनं चटया विणायच्या, हे फक्त कचेरीत बसूनच सुचतं.

बाईंच्या वर्गात गणित कागदावर नसे. टेबलावर उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचे सहा तुकडे, सुरी आणि ताटल्यांची चळत होती. साहेब खुर्ची ओढून टेबलाशीच बसले आणि वाचू लागले. घरात तीन माणसं जेवायला बसली आहेत, सहा तुकडे आहेत, प्रत्येकाला किती?

बाईंनी तीन ताटल्या मांडल्या. लोसालिनी चळतीकडेच बघत राहिली. चौथी मांडेपर्यंत पोरीनं नजर हलवली नाही. मग चारही ताटल्यांत एकेक तुकडा पडला, दोन उरले. तिनं सुरीकडे पाहिलं. कापू का, असं बाईंनी विचारताच भुवया वर. प्रत्येक ताटलीत दीड तुकडा झाला.

साहेबांनी निकाल दिला, चूक. उत्तर दोन आहे, आणि अर्धा तर या पातळीच्या अभ्यासक्रमातच नाही.

बाईंचं डोकं सणकलं. इतकं अवघड गणित पोरीनं आजवर सोडवलं नव्हतं आणि त्यापायीच तिला वर्गाबाहेर काढायला निघाले होते. बाईंना रडूच येणार होतं. त्यांनी ते गिळलं आणि विचारलं, "चौथी कुणाची गं, पोरी?"

लोसालिनीनं सरळ साहेबांकडे पाहिलं.

"तुम्ही आमच्या टेबलाशी बसलाय," बाई म्हणाल्या. "तुमच्या देखत बाकीच्यांनी खायचं आणि तुम्ही बघत बसायचं? तुमच्या घरी असंच करतात का?"

"पण बाई, गणितात मी नाहीये ना."

"तिनं धरलंय तुम्हाला."

बाईंनी ताटली त्यांच्यापुढे सरकवली. पुढ्यात आलेलं अन्न नाकारायची सोय फॉर्मात असेल, लांबासात नाही. साहेब मुकाट्यानं खाऊ लागले. दीड तुकडा संपला, हात पुसून झाले, तरी पेन 'चूक'च्या चौकटीवर तसंच अडून राहिलं. लोसालिनी बघत होती.

शेवटी त्यांनी पान मागे उलटलं. छापील प्रश्नातलं 'तीन माणसं' खोडून 'चार' केलं आणि शेजारी सही ठोकली.